पालकाची सही
हायस्कूलची बातमी घरी कशी पोचत गेली, याचा मागोवा

जुन्या रद्दीच्या दुकानांत पुस्तकांखाली दबलेली एक वस्तू नेहमी सापडते. तिला कुणी भाव देत नाही. ही वस्तू म्हणजे प्रगतिपुस्तक. जाड पुठ्ठ्याचे, दुमडलेले, वर शाळेचे नाव आणि आत तिमाही, सहामाही, वार्षिक असे रकाने. हजेरीचे दिवस, उंची, वजन, विषयवार गुण, कमी गुणांखाली ओढलेली लाल रेघ, वर्गशिक्षकांचा चार शब्दांचा शेरा. आणि सगळ्यात शेवटी एक रिकामी ओळ : पालकाची सही. अशी पुस्तके मी गेली काही वर्षे जमवतो आहे. गुण पाहण्याची उत्सुकता लवकर ओसरते. नजर खिळते ती त्या शेवटच्या ओळीवर. कुठे वळणदार मोडी वळणाची सही, कुठे कापऱ्या हाताने जोडून काढलेली अक्षरे, कुठे अंगठा, तर कुठे पालकाची म्हणून केलेली, पण पोराच्याच हस्ताक्षराशी फार जुळणारी सही.

शाळांचा इतिहास आपल्याकडे बराच लिहिला गेला आहे. संस्थापक, इमारती, देणग्या, शतकमहोत्सवी ग्रंथ, नामवंत माजी विद्यार्थी. पण शाळेत काय चालले आहे हे घराला कसे कळत होते, कोणत्या भाषेत कळत होते आणि घराने त्यावर काही उत्तर द्यावे अशी अपेक्षा होती का, हा प्रश्न या ग्रंथांत क्वचितच येतो. त्याचा इतिहास त्या एका ओळीभोवती शोधावा लागतो.

परकी भाषा आणि पहिला निकाल

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. तिलाच पुढे सगळा महाराष्ट्र मॅट्रिक म्हणू लागला. पहिल्याच तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या परीक्षेने हायस्कूलला एक निश्चित टोक दिले. त्याआधी शाळेत मुलगा किती शिकला हे पंतोजी सांगतील तेच खरे होते. आता लांबच्या शहरातली, तोंड न पाहिलेली माणसे तो निर्णय देऊ लागली.

त्या काळी हायस्कूल म्हणजे इंग्रजी शाळा. मराठी इयत्ता संपवून मुलगा 'इंग्रजी पहिलीत' जाई आणि 'इंग्रजी सातवी' म्हणजे मॅट्रिक. शिकवणे इंग्रजीत, हजेरीपट इंग्रजीत, शेरा इंग्रजीत. 1901 च्या खानेसुमारीत सबंध हिंदुस्थानात शंभरातले जेमतेम पाच लोक साक्षर होते, आणि बायकांत तर शंभरात एकही भरत नव्हती. म्हणजे घरी आलेला इंग्रजी कागद वाचणारे माणूस घरात बहुधा एकच असे, आणि ते म्हणजे ज्याच्याविषयी तो कागद लिहिला होता तो मुलगा!

या विचित्र स्थितीकडे आपण गमतीने पाहतो, पण तिचे परिणाम खोल होते. शाळेने बापाला सांगायची गोष्ट मुलाच्या तोंडून जाई. मुलगाच दूत, मुलगाच दुभाषी आणि मुलगाच आरोपी. 'मन लावत नाही' या शेऱ्याचे घरी पोचेपर्यंत 'बरा आहे' होणे अवघड नव्हते. उलट बाजूही होती. शाळेने अन्याय केला तर तो शाळेला समजेल अशा भाषेत लिहून कळवणारे घरात कुणी नसे.

घर उत्तर देते तेव्हा

घराकडे लेखणी असली की काय घडते, याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. राजकोटच्या हायस्कूलमध्ये मोहनदास गांधी शिकत होते. मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले होते. मुलाला ते आवडत नव्हते. शाळा सुटल्यावर घरी जाऊन आजारी वडिलांची सेवा करावी, असे त्याला वाटे. एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि कसरत दुपारी चारला होती. जवळ घड्याळ नव्हते, आभाळ भरून आलेले, वेळेचा अंदाज चुकला आणि पोचेपर्यंत सगळे निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी खरे कारण सांगूनही मुख्याध्यापकांना ते पटले नाही आणि आणा-दोन आण्यांचा दंड झाला. दंडापेक्षा आपल्याला खोटे ठरवले याचे दुःख मुलाला फार झाले. कसरतीतून सूट मिळाली ती पुढे, वडिलांनी स्वतः मुख्याध्यापकांना पत्र लिहून शाळेनंतर मुलगा मला घरी हवा असे कळवले तेव्हा. ही हकिकत गांधीजींनी आत्मकथेत सांगितली आहे.

हा प्रसंग बहुतेक वेळा सत्यनिष्ठेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरे काही दिसते. मुलाने खरे सांगितले ते चालले नाही, बापाचे पत्र चालले. आणि तो बाप संस्थानचा दिवाण राहिलेला माणूस होता. त्याच वर्गातल्या एखाद्या कोष्ट्याच्या किंवा कुणब्याच्या पोराला हीच अडचण आली असती, तर ते पत्र कुणी लिहिले असते?

गांधीजींनी 1887 साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक दिली. पुढे संशोधकांनी त्यांच्या शाळेची जुनी दप्तरे धुंडाळून हजेरी आणि गुण शोधले आणि त्यावर एक पुस्तकही 1965 साली निघाले. शाळेची दप्तरे टिकली तर किती हाती लागते, याचा हा पुरावा आहे.

घराने शाळेला उत्तर देण्याचा आणखी एक मार्ग होता, तो म्हणजे वर्तमानपत्र. पुण्यात 1884 साली हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी तिच्या पाठीशी होती. 1887 च्या सुमारास तिच्या अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर मोठा वाद पेटला. मुली दिवसभर शाळेत बसल्या तर घरकाम केव्हा शिकणार, असा टिळकपक्षाचा आक्षेप होता. मुलींना किती तास आणि काय शिकवावे, हा घराघरातला प्रश्न असा चव्हाट्यावर आला. मात्र या वादात बोलणारे सगळे पुरुष होते. ज्या आयांच्या मुली त्या वर्गात बसत, त्यांचे म्हणणे छापील ओळींत शोधावे लागते, आणि बहुधा सापडत नाही.

एका दाखल्याची आणि एका सभेची गोष्ट

सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ एवढी मोलाची ठरू शकते. पण त्याच शाळेत या मुलाला इतरांपासून वेगळे बसावे लागे, पाणी हाताने घेता येत नसे. हे कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिलेले नसते. शाळेने घराला कळवलेल्या बातमीत काय नसे, हेही इतिहासाने पाहायला हवे.

1907 साली भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण. आजच्या टक्केवारीच्या हिशेबाने कुणी या आकड्याकडे वळूनही पाहणार नाही. पण ती बातमी एका घरापुरती राहिली नाही. वस्तीत सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

निकालाचा हा असा एक जाहीर इतिहास आहे. विद्यापीठाने कळवलेला आकडा समाजाने आपल्या भाषेत वाचला, त्याचा अर्थ स्वतः ठरवला. तो कागद वाचता न येणाऱ्यांनीही. सही करण्यापलीकडे काही करण्याची मुभा घराने आपणहून घेतली, अशी ही सभा होती.

कार्ड, तार आणि वर्तमानपत्र

1879 साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले, पाव आण्याला. हायस्कुले तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, मुले वार लावून किंवा वसतिगृहात राहिलेली, आणि घर वीस-तीस मैलांवर. अशा वेळी शाळा आणि घर यांच्यात कार्ड हेच खरे वाहन होते. 'रा. रा.' असा मायना घालून फीची बाकी, आजारपण, गैरहजेरी कळवता येई. आणि कार्ड उघडे असते. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही ते वाचू शके. जिथे पोस्टमनच वाचून दाखवी, तिथे मुलगा नापास झाल्याची बातमी बापाच्या आधी गावाला कळे.

मॅट्रिकच्या निकालाची तऱ्हा वेगळीच होती. तो वर्तमानपत्रात छापून येई. ऐपत असलेल्यांना मुंबई-पुण्याहून नातेवाइकांची तार येई. बाकीचे पेपरचा गठ्ठा उतरण्याची वाट पाहत. पुढे बोर्डाच्या काळात तर पानेच्या पाने आसनक्रमांकांनी भरलेली असत. त्या आकड्यांच्या जंगलात बोट फिरवत आपला क्रमांक शोधणे आणि तो न सापडणे, हे महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्यांनी अनुभवले आहे.

बाप शाळेच्या दारात

1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव मिळाले. 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. पुढच्या काळात हायस्कुले खेड्यांत गेली आणि ज्या घरात कुणीच शाळा पाहिली नव्हती, त्या घरातली मुले 'फायनल'च्या पुढे जाऊ लागली.

इथे चित्र पालटले. शाळा गावात आली, माध्यम मराठी झाले. मास्तर बाजाराच्या दिवशी भेटू लागले. 'तुमच्या पोराचं गणित कच्चं हाय, पण डोकं हाय' असे चावडीपाशी सांगितलेले एक वाक्य प्रगतिपुस्तकाच्या दहा रकान्यांना भारी पडे. माझ्या संग्रहातले अंगठे बहुतेक याच काळातले आहेत. अंगठा उमटवणाऱ्याला मजकूर वाचता येत नव्हता हे खरे, पण मास्तर कोण आणि ते काय म्हणाले हे त्याला माहीत होते.

याच सुमारास परीक्षेची व्यवस्थाही बदलली. मॅट्रिक विद्यापीठाकडून निघाली आणि 1949 पासून एस. एस. सी. बोर्डाची परीक्षा सुरू झाली. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने वर्षअखेरीच्या एका परीक्षेवर सगळा भार टाकू नये, प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीची सलग नोंद शाळेने ठेवावी, अशी शिफारस केली. 1 जानेवारी 1966 रोजी आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले. 1975 साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली. घराघरांत दहावीचे वर्ष हा एक संस्कारच झाला. सलग नोंदीची शिफारस कागदावर राहिली, आणि घराच्या लेखी शाळेची बातमी म्हणजे जूनमधला एक आकडा, एवढेच उरले. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो हा त्याचाच विस्तार. ती यादी मंडळाने पुढे बंद केली, पण पेढ्यांचे फोटो क्लासवाल्यांच्या फलकांवर स्थलांतरित झाले.

कायदा आणि फोन

अलीकडे पालक कायद्यात आला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळा सोडून इतर शाळांत आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरले. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाला फीबाबत बोलण्याचा अधिकार दिला. ज्या आयांचे म्हणणे 1887 च्या वादात कुठेच सापडत नाही, त्यांच्यासाठी आता खुर्ची राखून ठेवलेली आहे. त्या खुर्चीवर बसून सह्या तेवढ्या होतात की प्रश्नही विचारले जातात, हे शाळा-शाळांवर अवलंबून.

दुसरा बदल फोनचा. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. 2021 साली तर दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. त्या दोन वर्षांत घराघरांत वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आला आणि मग तो गेलाच नाही. मूल आता दूत राहिलेले नाही. सूचना त्याच्या आधी आईच्या हातात पोचते. दीडशे वर्षांत प्रथमच शाळा आणि घर यांच्यामधून मूल बाजूला झाले.

हा बदल लहान नाही. पण अनेक ग्रुपवर 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' अशी ओळ असते. घराने अंगठा वर केल्याचे चिन्ह टाकायचे. जुना अंगठा शाईचा होता, हा पिवळा आहे, एवढाच काय तो फरक. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरी ही सूचनाही रात्रीच पोचते.

आणि एक धोका नवा आहे. कार्डे, प्रगतिपुस्तके, शिपायाने वर्गावर्गात फिरवलेल्या सूचनेच्या वह्या, पालकसभांची इतिवृत्ते हे सगळे रद्दीत गेले तरी त्यातले थोडे तरी सापडते. फोन बदलला की पाच वर्षांचा पत्रव्यवहार एका क्षणात जातो. भिवा रामजी आंबेडकर ही नोंद आपल्याला मिळाली, कारण कुणा कारकुनाने ती कागदावर लिहिली आणि सव्वाशे वर्षे ते रजिस्टर कुणी फेकले नाही. ज्या शाळांच्या माळ्यांवर अशी दप्तरे अजून आहेत, त्यांनी शतकमहोत्सवी ग्रंथ काढण्याआधी ती पुसून, क्रमाने लावून ठेवावीत. घरांनीही आजोबांचे प्रगतिपुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी शेवटच्या ओळीवर एकदा नजर टाकावी. गुण कुणाचेही असोत, ती सही घराची आहे. आणि शाळेच्या इतिहासात घराने स्वतःच्या हाताने लिहिलेला बहुधा तेवढाच मजकूर शिल्लक आहे.