तळटीप : हातातला मीटर

* ‘मीटर’ म्हणजे इथे हातात धरायचा प्रकाशमापक, कॅमेऱ्यातला नव्हे. अमेरिकेच्या वेस्टन कंपनीने १९३२ मध्ये प्रकाशविद्युत घटावर चालणारा मीटर बाजारात आणला, त्या घराण्यातला.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परतलेला उजेड मोजतो आणि समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. बोरीच्या (ता. जिंतूर) शिवारात हा हिशेब दोन्हीकडून फसतो. वेचणीला आलेला कापूस मळकट उतरतो, नांगरलेली काळी राखाडी. पांढरे धोतर नेसलेला शेतकरी त्या रानात उभा असेल आणि मीटरने रानच वाचले, तर धोतराच्या चुण्या फोटोतून गायब!

हातातल्या मीटरवर पांढरा अर्धगोल घुमट असतो. तो हनुवटीपाशी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरला की पडणारा उजेडच मोजला जातो. कापूस की काळी, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. माणूस बाभळीच्या सावलीत असेल, तर मीटरही त्याच सावलीत हवा.

सेकॉनिकच्या एल-३९८ला बॅटरीही लागत नाही. सेलेनियमच्या घटावर सुई हलते. दिवेलागणीनंतर मात्र ती फारशी कामाची नाही. – संपा.