रामशेजच्या लाकडी तोफा

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कोणालाही विचारा, रामशेज किल्ल्यावर लाकडाच्या तोफा होत्या हे त्याला ठाऊक असतं. पेठ रस्त्यावर आशेवाडीला उतरलं की तासाभरात गड चढून होतो. साल्हेर-मुल्हेरच्या मानाने ही एक टेकडीच. तिनेच औरंगजेबाच्या सरदारांना पाचेक वर्षं झुलवलं.

गडाचं नाव रामाच्या शेजेवरून पडलं. वनवासात राम इथे निजला, ही श्रद्धा. तोफांची कथा मात्र आली शत्रूकडून. १६८२ मध्ये शहाबुद्दीन खानाने वेढा घातला. सुमारे पन्नास वर्षांनी खाफीखानाने ‘मुन्तखब-उल-लुबाब’ या फार्सी इतिहासात लिहिलं, की गडावर लोखंडी तोफ नव्हती. मराठ्यांनी लाकूड पोखरून त्यावर चामडं मढवलं आणि अशी एकेक तोफ दहा तोफांचं काम करी.

लाकडाची नळी फार बार सोसत नाही, तेव्हा ‘दहा तोफां’चा हिशेब मला तरी फुगवलेला वाटतो. एवढीशी टेकडी हाती येईना, याला मोगलांकडे काहीतरी कारण हवंच होतं! पण गडावर तोफा नसताना किल्लेदाराने हाताशी होतं त्यातून मारा उभा केला, ही गोष्ट पटते. गोफणी आणि वरून लोटलेले धोंडे तर होतेच.

पुढे शहाबुद्दीन खानाच्या जागी बहादूरखान कोकलताश आला. त्याच्या पदरच्या एका मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. गडावरून आलेल्या दगडाने नाग हातातून उडाला. हेही खाफीखानच सांगतो, आणि सांगताना खानाची टर उडवतो. आपण मराठ्यांची मर्दुमकी म्हणून ऐकतो, ते मुळात मोगली इतिहासकाराने आपल्याच सरदाराला मारलेले टोमणे आहेत. मोगलांनी लाकडी दमदमा, म्हणजे मारा करायचा उंच मोर्चा, उभारण्यावर पैसा ओतला होता, तोही जाताना जाळावा लागला.

अखेर गड गेला तो लढाईत नव्हे. किल्लेदार बदलला आणि नव्याला मोगलांनी पैसे चारले. औरंगजेबाने गडाचं नाव रहीमगड ठेवलं. ते टिकलं नाही. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर रामशेज इंग्रजांकडे गेला, तोही न लढता.

आज वर रामाचं देऊळ, कातळातली टाकी आणि चोरदरवाजा दिसतो. लाकडी तोफ शोधू नका, ती फक्त खाफीखानाच्या पानावर आहे.