वाहतुकीस तात्पुरता बंद : रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामीण रस्ते, दुरुस्तीची कामे आणि सूचनेचा इतिहास (विशेष संदर्भ : मालगुंड परिसर)

प्रस्तावना

रस्त्यांच्या इतिहासात नवे मार्ग केव्हा खुले झाले याची नोंद आढळते. ते केव्हा, किती काळ व कोणाच्या आदेशाने बंद राहिले याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः ग्रामीण भागात रस्ता बंद होणे ही दळणवळणाच्या व्यवस्थेची खरी परीक्षा असते. शाळा, दवाखाना, बाजार, एस.टी.ची फेरी आणि आंब्याची गाडी या सर्वांचा संबंध एकाच अरुंद डांबरी पट्ट्याशी असतो. रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड आणि त्याच्या आसपासचा किनारी प्रदेश विचारात घेऊन, दुरुस्तीसाठी होणाऱ्या तात्पुरत्या बंदीचे स्वरूप कसे बदलत गेले याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे व पद्धती

1) कोकणातील ऋतुमानानुसार होणारी मार्गबंदी आणि प्रशासकीय मार्गबंदी यांतील फरक स्पष्ट करणे. 2) बंदीच्या अधिकारामागील कायदेशीर चौकट पाहणे. 3) सूचना व पर्यायी मार्ग यांचा ग्रामीण जनजीवनाशी असलेला संबंध तपासणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

ऋतूने घातलेली बंदी

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्याचा मुख्य रस्ता समुद्र हाच होता. दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांतून गलबते व पुढे आगबोटी मुंबईशी ये-जा करीत. मालगुंडसारख्या किनाऱ्यावरील गावाला जयगडचे बंदर जवळचे होते. देशावर जावयाचे तर सह्याद्रीतील घाट चढावे लागत आणि मध्ये येणाऱ्या खाड्या तरीने ओलांडाव्या लागत. पावसाळा सुरू झाला की समुद्रमार्ग बंद होई आणि पायवाटा चिखलात बुडत. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाल्याचे मानून पुन्हा व्यवहार सुरू होत.

ही बंदी कोणीही जाहीर करीत नसे. ती पंचांगाने सांगितलेली असे. त्यामुळे आगोटीची बेगमी करून, धान्य, मीठ, सुकी मासळी व सरपण साठवून गाव पावसाळ्याला तोंड देई. बंदी चार महिन्यांची असली तरी तिची पूर्वकल्पना सर्वांस सारखीच होती. आधुनिक काळातील बंदीशी तुलना करताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

रस्त्याची जबाबदारी

इंग्लंडमध्ये 1555 च्या कायद्याने रस्तादुरुस्तीचे दायित्व पॅरिशवर, म्हणजे स्थानिक धर्मविभागावर, टाकले होते आणि तेथील रहिवाशांना वर्षातून चार दिवस श्रम करावे लागत. रस्ता दुरुस्त करणारे आणि तो वापरणारे एकच असल्याने काम केव्हा करावयाचे हे गावाला ठाऊक असे. मुंबई इलाख्यात मात्र मार्ग वेगळा होता. 1869 च्या कायद्याने स्थानिक निधीची व्यवस्था झाली, 1884 च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली आणि मोठे मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिले. 1943 च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा व ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी मांडली. 1962 पासून जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या.

परिणामी एकाच गावातून जाणारे दोन रस्ते दोन निरनिराळ्या कार्यालयांच्या अखत्यारीत आले. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग हे सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. रस्ता बंद झाल्यास विचारणा कोठे करावयाची हा प्रश्न ग्रामस्थांपुढे येथूनच उभा राहिला.

बंदीचा अधिकार आणि एक महिन्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 115 अन्वये, सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय, अथवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन वाहनांवर निर्बंध घालता येतात. असे निर्बंध राजपत्रात अधिसूचित करावे लागतात. तथापि, निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ राहणार नसतील तर राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नाही. परिस्थितीनुसार शक्य तितकी स्थानिक प्रसिद्धी देणे पुरेसे मानले आहे.

ही सवलत कामाच्या निकडीसाठी योग्यच आहे. परंतु ग्रामीण भागातील बहुसंख्य बंदी अल्प मुदतीच्या असल्याने 'शक्य तितकी स्थानिक प्रसिद्धी' हे शब्दच ग्रामस्थाचे एकमेव संरक्षण ठरतात. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. आज ग्रामपंचायतीचा फलक, वर्तमानपत्रातील निवेदन आणि भ्रमणध्वनीवरील संदेश यांनी तिची जागा घेतली आहे. यांपैकी काय पुरेसे, हे कायद्याने ठरवून दिलेले नाही.

परशुराम घाट : एक उदाहरण

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात खेड व चिपळूण यांदरम्यानच्या परशुराम घाटातील डोंगरकटाई हे अत्यंत अवघड काम होते. वर उंच कडा आणि पायथ्याशी पेढे गावाची वस्ती अशी तेथील स्थिती होती. जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने 25 एप्रिल ते 25 मे 2022 या काळात घाट दररोज दुपारी 12 ते सायंकाळी 5 पर्यंत वाहतुकीस बंद ठेवण्यात आला. 2023 मध्येही एप्रिल-मे महिन्यांत अशीच दुपारची बंदी लागू झाली.

येथे दोन बाबी नोंदविण्याजोग्या आहेत. पहिली, बंदी दिवसभराची नव्हती. ठरावीक तासांची होती. प्रवाशाला वेळ साधता येत होती. दुसरी, हलक्या वाहनांना लोटे-चिरणी-आंबडस-चिपळूण हा पर्यायी मार्ग देण्यात आला. महामार्गाचा भार वाहण्यासाठी हा ग्रामीण मार्ग बांधलेला नव्हता. महामार्गाची दुरुस्ती होत असताना तिचा बोजा गावच्या रस्त्यावर पडतो, आणि त्या रस्त्याच्या झिजेचा हिशेब बंदीच्या आदेशात येत नाही.

याच्या उलट बाजूचे स्मरणही आवश्यक आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील 1928 चा जुना पूल पुरात कोसळला व दोन एस.टी. बसगाड्यांसह अन्य वाहने वाहून गेली. नवा पूल जून 2017 मध्ये खुला झाला. वेळेवर घातलेली बंदी ही गैरसोय असली तरी जीवितरक्षणाचा तो एक मार्ग असतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

मालगुंड परिसर : हंगामाचा पेच

मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. तेथे 1994 मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले. शेजारच्या गणपतीपुळ्यामुळे येथे बाहेरील वाहनांची वर्दळ असते. महामार्गावरील निवळी येथून येणारा रस्ता आणि रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे येणारा सागरी रस्ता हे दोन मार्ग या परिसराला जोडतात. उत्तरेस जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जाता येते. एक मार्ग बंद झाला तरी दुसरा उरतो, ही या गावाची जमेची बाजू. परंतु मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या वाड्यांना एकच जोडरस्ता असतो. तेथे 'पर्यायी मार्गाचा वापर करावा' हे वाक्य निरर्थक ठरते. शिवाय जयगड येथील बंदर व वीजप्रकल्पामुळे निवळी-जयगड मार्गावर अवजड वाहतूक वाढली. त्यामुळे रस्त्याची झीज आणि दुरुस्तीची गरज, दोन्ही वाढणे स्वाभाविक आहे.

कोकणात डांबरीकरणाचा काळ पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. निधीची मंजुरी व निविदा यांत प्रारंभीचे महिने गेले की काम मार्चनंतर येते. हाच काळ हापूस वाशीच्या बाजारात पाठविण्याचा, लग्नसराईचा, चाकरमान्यांच्या आगमनाचा आणि पर्यटनाचा. पिकलेला आंबा थांबत नाही; काही तासांच्या वळशानेही बागायतदाराचे नुकसान होऊ शकते. आणि आजारी माणसाला रत्नागिरीस नेणाऱ्या वाहनाला तर तेवढाही अवधी नसतो.

निष्कर्ष

1) कोकणातील मार्गबंदी ऋतूकडून प्रशासनाकडे आली. पूर्वीची बंदी दीर्घ पण सर्वज्ञात होती. आजची अल्पकालीन असली तरी पुष्कळदा अनपेक्षित असते.

2) एक महिन्यापर्यंतच्या बंदीसाठी स्थानिक प्रसिद्धी हाच आधार असल्याने तिचे किमान स्वरूप निश्चित होणे गरजेचे आहे. ग्रामपंचायत, एस.टी. आगार, शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र यांना लेखी पूर्वसूचना देणे, हा त्याचा प्रारंभ ठरू शकेल.

3) तासांची बंदी, रुग्णवाहिकेसाठी राखीव वाट आणि पर्यायी ग्रामीण रस्त्याच्या दुरुस्तीची तरतूद या बाबी मूळ कामाच्या अंदाजपत्रकातच समाविष्ट व्हाव्यात.

4) निविदाप्रक्रिया पावसाळ्यात पूर्ण झाल्यास कामे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात होऊ शकतील व आंबा हंगामाशी होणारा संघर्ष टळेल.

रस्ता बंद करणे कधी कधी अटळ असते. मात्र पंचांग जे ज्ञान घरोघरी विनासायास पोहोचवीत असे, ते पोहोचविण्याचे उत्तरदायित्व आता आदेश काढणाऱ्या यंत्रणेवर आहे.