रज्जुगाहक आणि विंगेटची साखळी

कुरुधम्म जातकात एका रज्जुगाहक अमात्याची, म्हणजे दोरीने जमीन मोजणाऱ्या अधिकाऱ्याची, कथा आली आहे. शेत मोजताना दोरीच्या टोकाची काठी नेमकी खेकड्याच्या बिळावर येते. ती पुढे सरकवावी तर राजाची हानी, मागे घ्यावी तर शेतकऱ्याची, बिळात रोवावी तर आतल्या जिवाची. खेकडा आत असता तर दिसला असता, असे समजून तो काठी बिळात रोवतो. आतून आवाज येतो, आणि आपले शील भंगले की काय या शंकेने तो अमात्य अस्वस्थ होतो. कथा इंदपत्त नगरीची आहे. पुढे ज्या इंदापूरविषयी लिहावयाचे आहे त्याच्याशी तिचे नामसाम्य केवळ योगायोगाचे समजावे.

भीमेच्या एका तीरावर इंदापूर आणि दुसऱ्या तीरावर सोलापूर जिल्ह्याचे करमाळा व माढा तालुके. या काळ्या जमिनीवर प्रिंगल याने बसविलेली सारापद्धती कोलमडली. हाताखालच्या नोकरांच्या लाचखोरीने मोजणीच खोटी ठरली होती. 1835 साली गोल्डस्मिड आणि मुंबई इंजिनिअर्समधील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरात काम नव्याने हाती घेतले. हीच पद्धत पुढे सोलापूर जिल्ह्यात व सर्व दख्खनभर पसरली. 1847 च्या संयुक्त अहवालाने तिला कायमचे रूप दिले.

त्यांची साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा आण्यांचे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर. आपल्या सातबाऱ्यावर पूर्वी हेच माप असे. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरविल्या गेल्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. सारा 30 वर्षांसाठी कायम झाला. राजा आणि शेतकरी या दोहोंपुरते पाहिले तर विंगेटची काठी पुष्कळच न्यायाने रोवली गेली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु साखळी येण्यापूर्वी गावाची सीमा कोणाजवळ होती? विनयपिटकाच्या महावग्गात संघाच्या सीमेसाठी आठ निमित्ते सांगितली आहेत : पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी आणि जलाशय. गावची शीवही अशाच खुणांनी ओळखली जाई आणि त्या खुणा महारांच्या मुखोद्गत असत. शिवेचा तंटा उपस्थित झाला की त्यांची साक्ष प्रमाण मानली जाई. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याच स्मृतीवर गावाची हद्द उभी होती, ही गोष्ट आमच्या इतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

मोजणीने ही स्मृती दगडांत आणि कागदावर उतरविली. स्मृतीचे मोल गेले, राबणूक मात्र गेली नाही. हाडोळ्याची जमीन सर्व्हे नंबरात बांधली गेली आणि अनेक गावी तिच्यापुढे ‘समस्त महार’ एवढीच नोंद राहिली. पिढ्या वाढल्या, वाटे गुंठ्यांवर आले. वतनाच्या त्या तुकड्यासाठी साऱ्या महारवाड्याने सरकारची आणि गावाची चाकरी करावयाची. 1874 च्या वतन कायद्याने तर हे बंधन अधिकच आवळले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके या गाठीवर बोट ठेवले. 1927 साली ‘बहिष्कृत भारता’तून त्यांनी महार वतनाची चिकित्सा केली आणि 1928 च्या मार्चमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी आणि चाकरीतून मुक्त व्हावे, अशी वाट त्यात होती. कौन्सिलातील विरोध पाहून त्यांना ते 1929 साली मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा अमलात आला तो 1959 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

जमिनी वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण नव्या शर्तीने. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्यांचे हस्तांतर करता येत नाही. तरीही अनेक हाडोळ्या परहस्ते गेल्या आहेत. त्यांचे दावे चालतात तेव्हा मोजणीचा नकाशाच पुरावा म्हणून पुढे येतो, आणि त्यावर शोधावा लागतो तो ‘समस्त महार’ या दोन शब्दांमागचा नंबर.