चित्रातला किनखाब आणि थडग्यातली अतलस

फ्लॉरेन्सच्या उफीझी चित्रसंग्रहात ब्रॉन्झिनोने १५४५ च्या सुमारास रंगविलेले एलिओनोरा दि तोलेदो हिचे चित्र आहे. मेदिचीवंशीय ड्यूक कोसिमोची ही पत्नी आपला पुत्र जोव्हान्नी यास जवळ घेऊन बसली असून, शुभ्र रेशमावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी आणि मध्यभागी सोनेरी तारांचे डाळिंब असलेला तिचा किनखाबी झगा चित्रकाराने इतक्या निष्ठेने उतरविला आहे की, पाहणाऱ्याची दृष्टी मुखावरून ढळून वस्त्रावरच स्थिरावते. १५६२ साली ती हिवतापाने निवर्तली, त्याच सुमारास जोव्हान्नीही गेला. आणि १८५७ साली मेदिचींची थडगी उघडली गेल्यावर, चित्रातल्याच पोशाखात तिला पुरले होते, अशी समजूत दृढ झाली.

ती समजूत खरी नव्हे. पिट्टी राजवाड्यात वर्षानुवर्षे खपून ज्यांचा जीर्णोद्धार झाला ती वस्त्रे पाहता, तिच्या अंगावर होता तो साध्या अतलसीचा, जरीकाम केलेल्या मखमली पट्ट्यांचा झगा, आत तांबड्या मखमलीची चोळी, आणि पायांत विणलेले तांबडे रेशमी मोजे. हे मोजे मला त्या किनखाबाहून मोलाचे वाटतात. कारण दरबारी चित्रात राजस्त्रीचे पाय कोण दाखविणार? चित्रकाराला दौलतीचा रुबाब दाखवावयाचा होता. जॅनेट अर्नोल्ड या विदुषीने मात्र त्या विटलेल्या, विरलेल्या अतलसीवरून बेतण्याची रीत आणि शिवणीचे कसब वाचले, आणि १९८५ च्या आपल्या ग्रंथात त्या झग्याचा बेतच मापांसह रेखून दिला.