ओरिजिनल की गावठी?

पिस्तूल जप्तीची बातमी केली की कट्ट्यावरच्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ओरिजिनल का गावठी?" हाच प्रश्न 'कोल्ट १९११'बद्दल विचारला तर मात्र गडबड होते.

हे पिस्तूल जॉन ब्राउनिंगचं. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत तेच त्यांचं अधिकृत पिस्तूल होतं. त्याचा तो जाडजूड .४५ बोअर आला फिलिपाइन्समधून. स्पेनकडून घेतलेल्या त्या बेटांवर अमेरिकनांची गाठ मोरो मुसलमानांशी पडली. अंगावर धावून येणारा मोरो .३८ च्या रिव्हॉल्वरने थांबत नाही, अशी सैनिकांची तक्रार होती. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी मृतदेहांवर आणि शिकागोच्या खाटीकखान्यातल्या जिवंत जनावरांवर गोळ्या झाडून बघितल्या आणि .४५ पेक्षा कमी बोअर नको, असं सांगितलं. दोनच वर्षांनी बुड डाजो डोंगरावर अमेरिकी फौजेने शेकडो मोरो मारले. त्यात बायका-पोरंही होती.

आता आजचा बाजार बघा. तिकडे विल्सन कॉम्बॅट किंवा नाइटहॉकचं १९११ घ्यायचं तर तीन-चार हजार डॉलर सहज जातात. स्वस्तातलं रॉक आयलंड आर्मरीचं पाचशेच्या आसपास मिळतं. एवढा फरक कशाचा? स्वस्तातली फ्रेम ओतीव, महागातली घडीव नाहीतर अख्ख्या पोलादातून कातलेली. पण खरा पैसा हाताच्या कामाचा. नाइटहॉकमध्ये एकच कारागीर एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो. कानशीने घासून प्रत्येक भाग असा बसवतो की कुठे हलत नाही. नेम भारी लागतो, वादच नाही.

पण सैन्याला हे नकोच होतं! त्यांना कुठल्याही पिस्तुलाचा भाग कुठल्याही पिस्तुलात बसायला हवा होता, चिखलातही चालायला हवं होतं. थोडं खुळखुळलं तरी हरकत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात आठ लाखांहून जास्त १९११ बनवली ती टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने. सिंगरनेही बनवली, होय, आपल्या आयांच्या शिलाई मशीनवाली सिंगर! फक्त ५०० नग. आज त्यातलं एखादं लिलावात लाख डॉलरच्याही पुढे जातं. साधं सरकारी पिस्तूल, पण कारागिरीच्या मालापेक्षा महाग.

म्हणजे मूळच्या सैनिकी पिस्तुलाच्या जास्त जवळ कोण, तर माझ्या मते ते पाचशेवालं.

आणि ते बनतं कुठे? रॉक आयलंड हे नाव अमेरिकेतल्या सरकारी शस्त्रागाराची आठवण करून देतं, पण कारखाना आर्मस्कोर कंपनीचा, मेट्रो मनिलातल्या मारिकिना शहरात. पिस्तुलावर छापलेलंच असतं, 'मेड इन द फिलिपाइन्स'.