त्रिशलामातेची काळजी

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग आला अन् काही दिवसांतच लाखो माणसं गाव सोडून पळाली. स्टेशनावरच्या त्या रेटारेटीत पोटुशा बायाही होत्या; त्यांच्या मनाची चौकशी कोण करणार!

हॉलंडात १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी अन्न अडवलं. ऐन उपासमारीत गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुपटीनं आढळलं. त्यात भूक किती अन् धास्ती किती, हे निवडणं कठीणच.

कल्पसूत्रात, आईला त्रास नको म्हणून गर्भातले महावीर निश्चल राहतात, तर त्रिशला शोकानं व्याकूळ होते. मग ते हलतात. पुढे भय-शोक टाळून ती गर्भ जपते. पर्युषणात हे आपण दरवर्षी ऐकतो. घरी येऊन सुनेला सांगतो, ‘टेन्शन घेऊ नकोस’, अन् पहाटे पाणी भरायला उठवतो तिलाच.